मासा तव्यावर, फळे ताटात आणि आईही पंगतीत

रविवार उजाडला की दौंडच्या आमच्या रेल्वे वसाहतीत घराघरातून एकच वास येई. वडील रेल्वेत गँगमन होते. आठवड्याची सुट्टी आणि हातात पैसे, असा योग जुळला की ते भिगवणच्या बाजारात जात आणि पिशवीतून चिलापी घेऊन येत. आई ती चुलीजवळ बसून साफ करी, तिखट-मीठ लावी आणि तव्यावर टाकी. आम्ही चौघे भावंडे ताटे घेऊन तयारच असायचो.

मग वाटणी व्हायची. डोके वडिलांना. मधल्या जाड तुकड्या भावांना. आम्हा बहिणींना त्याखालच्या. सर्वांची जेवणे आटोपली की आई बसायची. तिच्या ताटात शेपटी, कालवणाचे उरलेले पाणी आणि अर्धी भाकरी. "मला शेपटीच आवडते गं," असे ती म्हणायची. आम्हाला ते कित्येक वर्षे खरे वाटत होते.

एके दिवशी पाणी भरता भरता ती नळावरच खाली बसली. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, अंगात रक्त फारच कमी आहे. ज्या घरात दर आठवड्याला मासा शिजत होता, त्या घरातली मासा शिजवणारी बाईच उपाशी होती. हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आमच्या डोळ्यांनाही दिसले नाही.

भगिनींनो, आज मी एका पाककृतीविषयी लिहिणार आहे. पण ही आठवण अगोदर सांगितली, कारण ही पाककृती मला आवडली ती केवळ चवीसाठी नव्हे. ती चारचौघांच्या कमाईत बसते, थोडा मासा सर्वांना पुरतो, आणि स्वयंपाक करणारीला सर्वांबरोबर ताटावर बसता येते.

हॉटेलातली साल्सा

माझी भाची पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात काम शिकते. एकदा सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आमच्याकडे एक ताट असते. मसाला लावलेला पांढरा मासा आणि त्यावर आंबा-अननसाची साल्सा. लोक केवढे पैसे मोजतात त्याला!"

मी विचारले, "साल्सा म्हणजे काय गं?"

ती हसली. "कोशिंबीरच की. फळ, कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. सगळे बारीक चिरायचे आणि कालवायचे."

मला नवल वाटले. हे सारे तर आपल्या टोपलीतलेच! मग मी तिच्याकडून आणि मिळेल त्या पुस्तकातून या पदार्थाची माहिती गोळा केली. ती मोठी मनोरंजक आहे.

साल्सा हा स्पॅनिश शब्द. अर्थ साधा, तोंडी लावायचे कालवण किंवा चटणी. पण पदार्थ मेक्सिको देशातला आणि स्पॅनिश लोक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा. तिथले मूळ रहिवासी मिरची आणि टोमॅटो दगडी खलात वाटून भाकरीबरोबर खात. त्या तीन पायांच्या खलाला मोल्काहेते म्हणतात. मका दळायचा दगड म्हणजे मेताते, तो थेट आपल्या पाट्या-वरवंट्याचा भाऊ. आणि भाकरी भाजायचा तवा म्हणजे कोमाल. मक्याची पातळ भाकरी, त्यावर चटणी, जमले तर माशाचा तुकडा, हे तिथल्या शेतकऱ्याचे आणि मजुराचे जेवण होते. आजही मेक्सिकोच्या रस्त्यावर आंबा, अननस, काकडीच्या फोडींवर तिखट, मीठ आणि लिंबू मारून विकतात. आपल्या शाळेबाहेरचा तिखट-मीठ लावलेला पेरू आठवला की नाही?

तेव्हा हॉटेलने पांढऱ्या बशीत मांडले म्हणून तो पदार्थ श्रीमंतांचा होत नाही. तो कष्टकऱ्यांच्या चुलीवरून निघाला आणि बशीत जाऊन बसला, इतकेच.

कोण कुठून आले?

आपल्या स्वयंपाकघरातली मिरची आपली, असे आपण समजतो. पण मिरची, टोमॅटो, अननस, पेरू, पपई ही सारी मंडळी अमेरिका खंडातून आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आधी गोव्याला उतरली आणि मग देशभर पसरली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटाचे काम मिरी आणि आले करीत असत.

उलट बाजूने पाहा. आंबा आपल्या भागातला. तो फिलिपाइन्समधून स्पॅनिश जहाजांनी मेक्सिकोला गेला. मनिला ते आकापुल्को अशी ही जहाजे १५६५ ते १८१५ पर्यंत ये-जा करीत होती. म्हणून मेक्सिकोत एका आंब्याला आजही मनिला आंबा म्हणतात. कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरे आणि लिंबू हेही तिकडे समुद्र ओलांडूनच गेले.

म्हणजे त्यांच्या साल्सात आपला आंबा, आणि आपल्या कोशिंबिरीत त्यांची मिरची. अन्नाला कुठले शुद्ध-अशुद्ध? ज्याच्या ताटात पडले त्याचे ते झाले. एखाद्याचे खाणे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या रोजच्या वरणातली मिरची कुठून आली, एवढे तरी विचारून घ्यावे.

आपली चिलापी

या पदार्थाला पांढऱ्या मांसाचा मासा लागतो. बांगडा, तारली हे तेलकट आणि गडद मांसाचे मासे. त्यांचा स्वतःचा वास आणि चव जोरकस असते. पांढरा मासा चवीला सौम्य असतो, म्हणून त्यावर मसालाही खुलतो आणि फळाची आंबट-गोड चवही. पापलेट घेतले तर उत्तम, पण ते आपल्या आवाक्यात कुठले! मुंबईकडे ढोमा किंवा राणी मासा घ्यावा. बाजारात काटे काढलेला बासा मिळतो, तोही चालतो. देशावर मात्र चिलापीसारखा मासा नाही.

पुस्तकात हिला तिलापिया म्हणतात. मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली गेली. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि पुढे त्या पाण्यात चिलापी इतकी वाढली की भिगवण, इंदापूरच्या बाजारात तिचे ढीग लागू लागले. तिच्यामुळे नदीतले जुने मासे मागे पडले, ही तक्रार खरी आहे. पण गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने आली, हेही तितकेच खरे. गंमत अशी की मेक्सिकोतही आज गोरगरीब हाच मासा खातात. तिथे त्याला मोहार्रा म्हणतात.

घेताना कल्ले उघडून पाहावेत. ते लाल असावेत. डोळे फुगीर आणि स्वच्छ असावेत. अंगावर बोटाने दाबले तर खड्डा भरून यायला हवा. खड्डा तसाच राहिला तर मासा शिळा.

चिलापीला कधी कधी मातकट वास येतो. त्यावर सोपा उपाय आहे. खवले काढून, पोट साफ करताना आतला काळा पडदा बोटाने खरवडून काढावा. मग लिंबाचा रस आणि मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे आणि धुवावे. आंबटपणाने तो वास मोडतो.

साहित्य (पाच माणसांसाठी)

माशासाठी: एक किलो चिलापी, साफ करून सारख्या जाडीच्या तुकड्या केलेली. लसूण ८-१० पाकळ्या. लाल तिखट दोन चमचे. जिरेपूड एक चमचा. हळद अर्धा चमचा. ओवा दोन चिमटी. मीठ चवीप्रमाणे. अर्ध्या लिंबाचा रस. ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ तीन चमचे. तेल चार-पाच चमचे.

मेक्सिकोत या मसाल्यात ओरेगानो नावाचा वाळलेला पाला घालतात. तो शोधत हिंडण्याची गरज नाही. आपल्या ओव्याचा वास त्याच्या जवळचा आहे.

साल्सासाठी: बारीक चिरलेले फळ दोन वाट्या. एक मध्यम कांदा. एक घट्ट टोमॅटो, बिया काढून. एक-दोन हिरव्या मिरच्या. मूठभर कोथिंबीर. एका लिंबाचा रस. मीठ.

कृती

प्रथम कांदा बारीक चिरून लिंबाच्या रसात आणि चिमूटभर मिठात टाकून ठेवावा. दहा मिनिटांत त्याचा उग्रपणा जातो. फळ, टोमॅटो आणि मिरची चण्याच्या डाळीएवढी बारीक चिरावी आणि कांद्यात मिसळावी. कोथिंबीर घालावी. उरलेले मीठ अगदी शेवटी, जेवायला बसताना घालावे. आधी घातले तर फळाला पाणी सुटते आणि कोशिंबिरीचे सार होते.

आता मासा. लसूण, तिखट, जिरेपूड, हळद, ओवा, मीठ आणि लिंबाचा रस पाट्यावर किंवा खलबत्त्यात वाटून घ्यावे. तुकड्या फडक्याने कोरड्या पुसाव्यात. ही पायरी चुकवू नये. ओला मासा तव्याला चिकटतो. मसाला दोन्ही बाजूंना चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, त्याहून जास्त नाही.

तवा चांगला तापू द्यावा, मग तेल सोडावे. तुकडी पिठात हलकेच घोळवून तव्यावर ठेवावी आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे हात लावू नये. खालची बाजू भाजली की तुकडी आपणहून सुटते. ओढावी लागत असेल तर अजून वेळ आहे असे समजावे. एकदाच उलटावी. मांस पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटले की झाले.

गरम तुकडीवर दोन चमचे साल्सा घालावी. सोबत ज्वारीची किंवा मक्याची भाकरी. भातही चालेल, पण भाकरीच्या घासात मासा आणि साल्सा धरून खाण्याची मजा वेगळी.

माझी फजिती

पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा घरी सासरची मंडळी येणार होती. मला वाटले, अननस साल्सात घालायचाच आहे, तर त्याचा रस मसाल्यातही घालावा. म्हणजे चव मुरेल. सकाळीच मासा त्यात भिजत ठेवला. दोन तासांनी तुकडी उचलायला गेले तर तिचा गोळा हातात आला. तव्यावर टाकली तर सारे पसरले. शेवटी कांदा घालून त्याची भुर्जी केली. सासूबाई म्हणाल्या, "छान झाली हो." त्या मनाने मोठ्या.

चूक माझीच होती. कच्च्या अननसाच्या आणि कच्च्या पपईच्या रसात प्रथिने विरघळवणारा घटक असतो. मटण मऊ करायला आपण कच्ची पपई लावतो ती त्याच कारणाने. मटण दणकट, ते टिकते. मासा मुळातच नाजूक, त्याचा लगदा होतो. म्हणून फळ आणि मासा यांची भेट ताटातच घडवावी, आधी नाही. लिंबाचेही तसेच. फार वेळ लिंबात ठेवलेला मासा चुलीवर जाण्याआधीच वरून पांढरा आणि घट्ट होतो.

माशाबरोबर फळ चालते का?

शेजारणीने हा प्रश्न मला लगेच विचारला. माशावर फळ खाऊ नये, दूध पिऊ नये, अंगावर कोड उठते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कोड हे खाण्याने होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते तेव्हा ते होते. त्यात माशाचा दोष नाही आणि फळाचाही नाही. तो संसर्गजन्य नाही, शापही नाही. तेव्हा कोड असलेल्या माणसाला दूर बसवण्याचेही काही कारण नाही.

आणि माशात फळ घालणे आपल्याला नवे कुठे आहे? कोकणात आणि गोव्यात माशाच्या कालवणात कोकम, कैरी, चिंच, बिंबली, आंबाडे घालतात. ही सारी फळेच ना? ज्याला मासा, अननस किंवा आंबा खाऊन अंगाला खाज सुटते, ओठ सुजतात, त्याने मात्र ते टाळावे. ती त्याच्या शरीराची तक्रार आहे, सर्वांसाठी नियम नव्हे.

लहान मुलांना देताना तुकडी बोटांनी चाचपून काटे काढावेत. घशात काटा अडकला तर कोरड्या भाकरीचे गोळे गिळायला लावू नयेत. काटा आणखी खोल जातो. सरळ डॉक्टरकडे न्यावे.

ऋतू पाहून फळ

आंबा नाही म्हणून अडून बसू नये. उन्हाळ्यात पिकलेला पण घट्ट तोतापुरी किंवा पायरी आंबा. हापूस कापून कोशिंबीर करण्याइतके आपण धनवान नाही आणि तो फार मऊही असतो. पावसाळ्यात अननस. हिवाळ्यात पेरू, तोही बियांचा भाग काढून. पपई बाराही महिने असते, पण ती पिकलेली आणि घट्ट हवी. फळ फार गोड असेल तर लिंबू वाढवावे. बाजार उठायच्या वेळी गेल्यास फळवाला डागी पेरू, अर्धी पपई स्वस्तात देतो. डाग काढून उरलेले साल्साला उत्तम.

सोय केवळ जिभेची नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त. माझी आई एकटी नव्हती.

या पदार्थाने रक्त भरून येते असे मी म्हणणार नाही. पांढऱ्या माशात लोह फारसे नसते. पण त्यात चांगली प्रथिने असतात आणि रक्त तयार व्हायला लागणारे ब-१२ जीवनसत्त्व असते. लोह असते आपल्या भाकरीत आणि पालेभाजीत, पण ते शरीर सहजी घेत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व मिळाले तर ते जास्त घेतले जाते. हे जीवनसत्त्व लिंबू, अननस, पपई, आंबा यांत आहे आणि पेरूत तर संत्र्याहून कितीतरी अधिक. शिजवले की ते बरेचसे नष्ट होते. साल्सा कच्ची असते, म्हणून तिचे मोल. जेवणावर लगेच चहा घेतला तर हे सारे वाया जाते, कारण चहा लोह अडवतो. चहा तासाभराने घ्यावा. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चुकवू नयेत. मासा गोळीची जागा घेत नाही.

पण ताटात सर्व काही असूनही ते बाईच्या वाट्याला आले नाही तर विज्ञान काय करणार?

म्हणून माझ्या घरी आता एक रीत आहे. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. साल्साला चूल लागत नाही, तेव्हा ती मुलाने आणि त्याच्या बाबांनी चिरायची. सुरुवातीला मुलगा म्हणाला, "आई, हे बायकांचे काम." मी म्हटले, "सुरीला बाई-पुरुष कळत नाही रे." आता तो माझ्याहून बारीक चिरतो. मासा कापतानाच माणसे मोजून तुकड्या करायच्या, पाच माणसे तर दोन-दोन, सारख्या. सगळ्या तुकड्या तव्यावरून उतरल्या की चूल बंद. मग पाचही ताटे एकदम वाढायची आणि पाचही जणांनी एकदम बसायचे. शेपट्या पाळीपाळीने. या रविवारी माझ्या ताटात आली तर पुढच्या रविवारी साहेबांच्या.

आई आता थकली आहे, पण आमच्याकडे येते. मागच्या हिवाळ्यात पेरूची साल्सा केली होती. तिच्या ताटात मी मधली जाड तुकडी वाढली. तिने सवयीने ती नातवाच्या ताटाकडे सरकवली. नातवाने ती उचलून परत तिच्या ताटात ठेवली आणि म्हणाला, "आजी, ही तुझी."

आईने एक घास खाल्ला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मधली तुकडी गोड लागते गं. मला ठाऊकच नव्हते."